डार्विन, देव आणि बीडचा दगड

ऑफिसच्या कँटीनमध्ये डार्विनचा विषय निघाला, की सगळे हटकून टेबलावरच्या एकुलत्या एका ख्रिश्चन मित्राकडे बघतात. ‘तुमच्यात हे चालत नाही ना रे?’ तो बिचारा नुसता हसतो.

आता जरा फॅक्ट्स. अमेरिकेत हे भांडण जोरात आहे, मान्य. गॅलपच्या २०२४च्या पाहणीत ३७ टक्के लोक म्हणाले, देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आहे तस्साच घडवला. पण कॅथलिक चर्चचं तसं नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच उत्क्रांतीच्या अभ्यासाला मोकळीक दिली. अट मात्र होती, आत्मा देवाचा.

आणि आपल्याकडे? जानेवारी २०१८ मध्ये आमच्या बीडशेजारच्या औरंगाबादेत डार्विनला चुकीचं ठरवणारे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह काही ख्रिश्चन नव्हते. २०२३ मध्ये तर एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गायबच झाली. आपल्या राज्य बोर्डाच्या २०१८च्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा!

बीडमध्ये त्याचं मोल जास्त. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या कितीतरी पोरांची शाळा दहावीच्या पुढे जात नाही. तिथे धडा गेला, की विषयच आयुष्यातून गेला.

आमच्या बालाघाटचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कोणी घडवला, हे ज्याने त्याने आपापल्या देवाला विचारावं. त्याचं वय मात्र पोरांना शाळेतच कळू द्या.