झिजलेल्या वस्तूंचा निरोप

वस्तू नवी असते तेव्हा तिचे कौतुक सगळीकडे होते. नवे वाहन दारात आले की त्याला हार घातला जातो. नवे यंत्र बसवले की नारळ फोडला जातो. तीच वस्तू झिजली, मोडली, निकामी झाली की मात्र तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ती आधी अडगळीत आणि तेथून भंगारात जाते. वर्षानुवर्षे राबलेल्या वस्तूला निरोपाचे चार शब्दही मिळत नाहीत. जपानी समाजाने मात्र याच अखेरच्या क्षणासाठी एक विधी निर्माण केला आहे. त्याला ‘कुयो’ म्हणतात.

हा शब्द भारतीय वाचकाला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातील ‘पूजा’, ‘पूजना’ या शब्दांसाठी चिनी बौद्ध ग्रंथांत जो प्रतिशब्द रूढ झाला, तोच जपानमध्ये ‘कुयो’ म्हणून उच्चारला जाऊ लागला. आरंभी त्याचा अर्थ बुद्धाला श्रद्धेने केलेले अर्पण असा होता. पुढे मृतांच्या स्मरणार्थ केलेल्या विधीलाही हेच नाव मिळाले आणि कालांतराने माणसांबरोबर प्राणी व वस्तूही त्याच्या कक्षेत आल्या.

यांपैकी सर्वांत परिचित विधी म्हणजे सुयांचा, म्हणजेच ‘हारी-कुयो’. तोक्यो व आसपासच्या भागात तो ८ फेब्रुवारीला होतो, तर क्योतो आणि पश्चिमेकडील भागात प्रामुख्याने ८ डिसेंबरला. तोक्योतील सेन्सो-जी या मंदिराच्या आवारात त्या दिवशी शिवणकाम करणारी मंडळी वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया घेऊन येतात. समोर टोफूची मोठी वडी ठेवलेली असते. टोफू हा सोयाबीनच्या दुधापासून केलेला, पनीरासारखा मऊ पदार्थ. प्रत्येक जण आपली सुई त्या वडीत हलकेच खोचतो आणि हात जोडतो. आयुष्यभर जाडजूड कापडातून वाट काढत राहिलेल्या सुईला शेवटी मऊ जागी विसावा मिळावा, ही त्यामागील कल्पना. पूर्वी या दिवशी शिवणकाम बंद ठेवण्याची प्रथा होती. सुईला मिळालेली ही सुटी शिवणाऱ्या हातांनाही मिळत असे.

असाच निरोप इतर वस्तूंनाही दिला जातो. वाकायामा प्रांतातील कादा येथील आवाशिमा मंदिरात देशभरातून आलेल्या जुन्या बाहुल्या मांडलेल्या असतात. ३ मार्चला त्यांतील काही बाहुल्या लहान होड्यांत ठेवून समुद्रात सोडल्या जातात. हिरोशिमा प्रांतातील कुमानो हे गाव कुंचल्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे शरद ऋतूत भरणाऱ्या उत्सवात झिजलेले कुंचले अग्नीला अर्पण केले जातात.

या विधींमागील मनोभूमिका समजून घ्यायची, तर एका जुन्या जपानी कथेकडे वळावे लागते. मुरोमाची काळातील, म्हणजे सुमारे चौदाव्या ते सोळाव्या शतकातील ‘त्सुकुमोगामी-की’ या चित्रकथेत म्हटले आहे, की वस्तूला शंभर वर्षे झाली की तिच्यात चैतन्य संचारते. म्हणून लोक वर्षाअखेरीच्या साफसफाईत जुनी भांडी आणि अवजारे घराबाहेर टाकून देतात. इतकी वर्षे इमानाने सेवा केली आणि त्याचे फळ हे, या विचाराने त्या वस्तू संतापतात. त्यांच्यातील एक जपमाळ क्षमेचा उपदेश करते. पण तिलाच मार खावा लागतो. मग त्या वस्तू विक्राळ रूप धारण करून माणसांवर सूड उगवतात. शेवटी त्यांना पश्चात्ताप होतो, त्या जपमाळेलाच गुरू मानून धर्माचा मार्ग धरतात आणि मुक्त होतात. कथा अद्भुत आहे. पण वस्तूंची तक्रार अद्भुत नाही. त्यांचा राग जुने झाल्याबद्दल नाही, तर विसरले गेल्याबद्दल आहे.

यावर आक्षेप घेणारे असतीलच. सुईला ना वेदना, ना जाणीव. मग तिच्यापुढे हात जोडणे ही भाबडी भावुकता नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर सुईत नाही, माणसात आहे. कृतज्ञतेने सुईचे काही बदलत नाही. बदलतो तो ती वापरणारा. सुई हाती घेऊन क्षणभर थांबणाऱ्याला तिने शिवलेले कपडे आठवतात. ते शिवताना जागवलेल्या रात्री आठवतात. ती सुई घडवणारा अनोळखी कारागीरही कदाचित आठवतो. वस्तूचा आदर हा अखेर श्रमाचा आदर असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विधी केला की मन हलके होते; आणि हलके झालेले मन पुन्हा नव्या खरेदीला मोकळे होते. काही मंदिरे शुल्क घेऊन बाहुल्यांचा कुयो करतात. नकोशा वस्तूबरोबर अपराधी भावनाही तेथे सोडून येता येते. शिवाय जपान हा काही कचऱ्याच्या प्रश्नातून सुटलेला देश नाही. दूरदर्शन संच, शीतकपाट, धुलाई यंत्र आणि वातानुकूलक यांच्या पुनर्वापरासाठी त्या देशाला १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २००१ पासून तो अमलात आला. प्रार्थनेने कचरा कमी होत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

म्हणूनच अलीकडची एक घटना विचार करण्याजोगी आहे. सोनी कंपनीने १९९९ मध्ये ‘आयबो’ नावाचा यांत्रिक कुत्रा बाजारात आणला. २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीची सेवाही बंद झाली. मालकांना या कुत्र्यांचा लळा लागला होता. पण बिघडलेल्या आयबोला आता कंपनीकडे उपचार नव्हता. तेव्हा काही जुन्या तंत्रज्ञांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले. नवे सुटे भाग मिळत नव्हते. ते निकामी आयबोंतूनच काढावे लागत. हे भाग काढण्यापूर्वी त्या आयबोंना रीतसर निरोप द्यावा असे ठरले. चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकु-जी या मंदिरात २०१५ पासून त्यांच्यासाठी सूत्रपठण होऊ लागले. विधीनंतर त्यांचे भाग इतर आयबोंच्या उपयोगी पडू लागले.

या प्रसंगात कुयोचा खरा अर्थ दिसतो, तसेच आजच्या काळाचे दुखणेही दिसते. सुई झिजून संपते. आयबोचा शेवट झाला तो दुरुस्ती थांबल्यामुळे. जुन्या कथेतील वस्तूंना शंभर वर्षे तरी मिळत होती. आज कित्येक वस्तू काही वर्षांतच टाकाऊ ठरतात. जी वस्तू पुरती वापरलीच गेली नाही, तिचे आभार कशाबद्दल मानायचे? निरोपाला अर्थ यायचा, तर आधी सहवास घडावा लागतो. दुरुस्ती, जपणूक आणि पूर्ण वापर यांच्याशिवाय केलेला कुयो हा केवळ सोहळा ठरतो. त्यांच्यासह केलेला कुयो मात्र संस्कार होतो.

भारतातही अवजारांची पूजा होते. महाराष्ट्रात खंडेनवमीला, दक्षिणेत आयुधपूजेला, बंगालमध्ये विश्वकर्मा पूजेला कारागीर आपल्या हत्यारांना फूल वाहतात. मात्र ही पूजा प्रामुख्याने चालत्या हत्यारांची असते. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन होते. धार गेलेल्या विळीच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. पूजा आणि कुयो यांचे मूळ एकच असेल, तर पूजेतील कृतज्ञता झिजलेल्या हत्यारापर्यंत पोहोचायला हरकत नसावी. त्यासाठी टोफू लागत नाही की मंदिरही लागत नाही. वस्तू टाकण्यापूर्वी ती दुरुस्त होईल का, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल का, हे दोन प्रश्न विचारले, तरी तो एक प्रकारचा कुयोच ठरेल.

आणि हा प्रश्न वस्तूंपाशीच थांबत नाही. उपयोग संपला की टाकून द्यायचे, ही सवय एकदा अंगवळणी पडली, की ती वस्तू आणि माणूस असा भेद करीलच असे नाही. थकलेले हात, निवृत्त झालेला कामगार, घराच्या कोपऱ्यात बसलेले वृद्ध यांच्याकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो, याची घडण अशा लहान सवयींतूनच होत असते. मोडक्या सुईपुढे क्षणभर थांबायला शिकलेला माणूस थकलेल्या माणसापुढेही थांबेल, अशी आशा बाळगायला जागा आहे.