नुसतं 'लय भारी' नको

मंडळी, पाऊस लागला की आपल्या जांबोटी-कणकुंबी भागाच्या फोटोंचाही पाऊस पडतो. वज्रपोहा धबधबा, चोर्ला घाटातलं धुकं, आणि खाली तेच ते: 'लय भारी', 'एक नंबर'. मीही तसंच लिहायचो. आता लिहीत नाही.

रोलच्या काळातली गोष्ट. एका रोलात ३६ फोटो, म्हणजे पैसे मोजून बटण दाबायचं. जांबोटीच्या डोंगरांचे काढलेले फोटो घेऊन मी बेळगावात स्टुडिओवाल्या मामांच्या काउंटरवर उभा होतो. वाटलं, शाबासकी मिळणार. मामांनी विचारलं, "तुला दाखवायचं काय होतं रे?" म्हटलं, गोव्याच्या बाजूनं पाऊस चढत येत होता, तो. त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक फोटोखालच्या रिकाम्या रस्त्यावर ठेवली, दुसरी बाजूच्या विजेच्या खांबावर. "आता बघ." पाऊस दिसला की! मग म्हणाले, "फोटो चांगला आहे, खरं डोंगर सगळे एकात एक मिसळलेत. उघडीप मिळाली की सकाळी लवकर जा. ऊन तिरकं असतंय, रांगा सुट्या दिसतात." पुढच्या रोलातला एक फोटो अजून आमच्या सोप्यात टांगलाय.

हे सगळं शिकूनही मी काय केलं बघा. गेल्या पावसाळ्यात पुतणीनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. नट्टी केलेलं शेत, मागं डोंगर. मी सगळ्यांसमोर लिहिलं: 'फोटो वाकडा, आभाळ पांढरं, झाडं काळी. नीट काढ.' तिन्ही गोष्टी खऱ्या. त्यानंतर तिनं एकही फोटो टाकला नाही.

माझ्या मते चूक खरं बोलण्यात नव्हती. तिला काय दाखवायचं होतं ते मी विचारलंच नाही, आणि काय करायचं तेही सांगितलं नाही. 'आभाळ पांढरं' हे तिलाही दिसत होतं की. पावसात झाडी गडद आणि आभाळ उजळ, मोबाईल झाडी उजळवायला जातो आणि ढग उडवून टाकतो. म्हणून बोट आभाळावर टेकवायचं, उजेड थोडा खाली ओढायचा. एवढं एक वाक्य पुरलं असतं. 'वाकडा' म्हणण्यापेक्षा ग्रिडच्या रेघा चालू कर म्हणायला हवं होतं. आपल्याकडं क्षितिज सरळ कुठं असतंय, सगळा उतारच. तेव्हा उभी रेघ एखाद्या घराच्या भिंतीला लावायची. (विजेच्या खांबाला नको, ते आमच्याकडं स्वतःच वाकलेले असतात.)

अन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानं १९४१ मध्ये हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. पुढं कित्येक वर्षं तो त्याच फोटोच्या नव्या प्रती काढताना आभाळ आणखी गडद करत राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचं समाधान झालं नाही, आणि आपण पोरांना दोन शब्दांत वाटेला लावतो. 'लय भारी' म्हणूनसुद्धा तेच होतं, फक्त गोड लागतं.

गणपतीला पुतणी येणार आहे. पहाटे जांबोटीच्या रस्त्यानं तिला घेऊन जायचं ठरवलंय, आणि माझाही एक फोटो तिच्यापुढं ठेवणार आहे, काय चुकलंय ते सांग म्हणून. काल वहिनींना फोन केला. म्हणाल्या, "येईल की भावजी, खरं फोटोचं तुम्हीच विचारा."