बॉयलरचे नुकसान कोणाच्या माथी?

सोलापुरात सूत रंगविणाऱ्या व टॉवेलवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या दारात एक तंटा पुनःपुन्हा उभा राहतो. बॉयलर दुरुस्त करणारा मिस्त्री केलेल्या कामाचे पैसे मागतो. कारखानदार उत्तर देतो की, तुझ्या कामामुळेच ट्यूब फुटली, वाफ बंद पडली, रंगाचा सबंध लॉट बिघडला. तेव्हा बिल विसर आणि झालेले नुकसान भरून दे. या तंट्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. चार फेऱ्या मारल्यावर मिस्त्री बिलाचा नाद सोडतो आणि पुढच्या वेळी बोलावणे आले की त्याच दारात पुन्हा हत्यारे घेऊन उभा राहतो.

आपल्या चळवळीतील अनेकांना ही दोन धंदेवाल्यांमधील देण्याघेण्याची बाब वाटते. मिस्त्रीजवळ स्वतःचे वेल्डिंगचे यंत्र आहे, हाताखाली दोन पोरे आहेत, म्हणून तो ‘कंत्राटदार’. आणि कंत्राटदाराच्या बिलासाठी कामगार संघटनेने का झटावे, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर शास्त्रशुद्ध दिसतो. प्रत्यक्षात तो मालकाचाच युक्तिवाद आहे, फक्त लाल अक्षरांत लिहिलेला.

प्रथम यंत्राकडे पाहावे. बॉयलरची ट्यूब फुटते ती बहुधा दोन-तीन कारणांनी. सोलापूरच्या काळ्या पाषाणातून उपसलेले विंधनविहिरीचे पाणी जड असते. नळाचे पाणी रोज मिळत नाही, म्हणून कारखाने विंधनविहिरी व टँकर यांवर भिस्त ठेवतात. असे पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातून न जाता, किंवा त्या यंत्राला वेळेवर मिठाचे पाणी न देता, बॉयलरमध्ये सोडले की कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार ट्यूबवर खपलीसारखे बसतात. खपलीतून उष्णता नीट जात नाही. धातू तापतो, मऊ पडतो, फुगतो आणि अखेर फाटतो. दुसरे कारण पाण्याची पातळी काचेच्या खाली जाऊनही आग चालू ठेवणे. तिसरे कारण मात्र मिस्त्रीचे आहे : सांधा कच्चा राहणे, ट्यूबचे तोंड नीट न बसणे. मिस्त्री नेहमीच निर्दोष असतो असा दावा कोणी करू नये. कामात हयगय करणारे मिस्त्रीही आहेत.

परंतु यातले कारण कोणते, हे फुटलेली ट्यूबच सांगते. फुगून मधोमध फाटलेली, आतून क्षारांनी माखलेली ट्यूब एक सांगते. सांध्यापाशी गळणारी ट्यूब दुसरे सांगते. पाण्याच्या तपासणीची वही आणि बॉयलरचे लॉगबुक उरलेले सांगतात. आता हा पुरावा कोणाच्या ताब्यात असतो ते पाहा. वही कारखानदाराच्या कपाटात. बॉयलर चालविणारा अटेंडंट कारखानदाराच्या पगारावर. आणि फुटलेली ट्यूब त्याच्या आवारात, जिथून ती केव्हाही भंगारात जाऊ शकते. बिलाची रक्कमही त्याच्याच गल्ल्यात. फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि वसुली अंमलदार या चारही भूमिका एकाच माणसाकडे असताना त्या व्यवहाराला ‘दोन पक्षांमधील करार’ म्हणणे ही अर्थशास्त्राची थट्टा आहे.

या तंट्यात पंच नेमण्याचे काम कायद्याने केव्हाच केलेले आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या बॉयलर स्फोटात माणसे मेल्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे निरनिराळ्या प्रांतांचे कायदे एकत्र करून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. त्याच्या कलम १८ प्रमाणे अपघात घडल्यापासून चोवीस तासांच्या आत निरीक्षकाला लेखी कळविणे मालकावर बंधनकारक होते, आणि बॉयलर कमकुवत होऊन फुटण्याचा संभव निर्माण करणारे नुकसानही अपघातातच मोडत होते. २०२५ मध्ये जुन्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. अपघात कळविण्याचे बंधन त्यातही आहे. निरीक्षक आला तर कारणाची चौकशी होईल. पण त्याच्या परवानगीशिवाय बॉयलर पेटविता येणार नाही, उत्पादन थांबेल, आणि पाण्याची वहीही उघडावी लागेल. म्हणून कारखानदाराला सरळ मार्ग सापडतो : निरीक्षकाला कळवायचे नाही आणि मिस्त्रीला दोषी ठरवायचे. अपघात झालाच नाही, झाला तो केवळ मिस्त्रीचा निष्काळजीपणा!

पंचाचे काय झाले तेही ध्यानात घेतले पाहिजे. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाच्या जोडीला खाजगी तपासणी संस्था व ‘सक्षम व्यक्ती’ आणल्या. त्यांची फी ज्याचा बॉयलर तो देतो. २०२५ च्या कायद्याने सातपैकी तीन गुन्ह्यांतील फौजदारी शिक्षा काढून त्या जागी दंड ठेवला आणि त्याला ‘व्यवसायसुलभता’ असे गोंडस नाव दिले. सुलभता कोणाच्या व्यवसायाची? मिस्त्रीचाही तो व्यवसायच आहे. पण त्याचे बिल सुलभपणे मिळावे यासाठी त्यात एक ओळही नाही.

लहान पुरवठादारांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत न दिल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो, हे खरे. मात्र त्याचा आधार घेण्यास आधी नोंदणी लागते, कामाचा लेखी आदेश लागतो, आणि नुकसानीचा उलट दावा पुढे आला की प्रकरण रेंगाळते. शिवाय गावात गिऱ्हाइके मोजकी. एकाविरुद्ध अर्ज करणाऱ्याला दुसरा कोण बोलावणार?

कारखानदारही लहानच आहे, व्यापारी व निर्यातदार त्याला पिळतात, असे कोणी म्हणेल. ते नाकारण्याचे कारण नाही. त्याने व्यापाऱ्याशी जरूर भांडावे. पण व्यापाऱ्याने लांबविलेल्या पैशाची तूट मिस्त्रीचे बिल अडकवून भरून काढणे म्हणजे कष्टकऱ्याकडून बिनव्याजी भांडवल उचलणे होय.

जुन्या गिरण्यांत बॉयलर खात्याचे फिटर व फायरमन हजेरीपटावर होते. ट्यूब फुटली तर चौकशी होई, ठपकाही बसे, परंतु महिन्याचा पगार बुडविण्यास मालकाला कायद्याची आडकाठी होती आणि पाठीशी युनियन होती. गिरण्या बंद पडल्या, काम लहान कारखान्यांत विखुरले. हुन्नर तोच राहिला, हजेरीपट तेवढा गेला.

आणि ‘तो कामगार नव्हे, स्वतंत्र धंदेवाला’ हे वाक्य सोलापूरने पूर्वी ऐकलेले नाही काय? घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईबद्दल बिडी कारखानदार नेमके हेच म्हणत. पाने-तंबाखू तो देई, ती वळी, आणि मोजणीच्या वेळी खराब म्हणून काढलेल्या बिड्यांची मजुरी कापली जाई. माल वाईट की मोजणारा वाईट, हे ठरविणारा तोच. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगाराला कामगार मानले आणि नाकारलेल्या बिड्यांचा व त्यांच्या मजुरीचा तंटा राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने थोडक्यात निकाली काढावा अशी तरतूद केली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो श्रमसंहितेत विलीन झाला, ही वेगळी खंत. पण कामाच्या गुणवत्तेचा वाद हा मजुरीचाच वाद असतो आणि त्याचा निवाडा पैसे देणाऱ्याने करावयाचा नसतो, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात एकदा मान्य झालेले आहे.

मिस्त्रीची हत्यारे त्याची स्वतःची आहेत आणि तो अनेकांकडे काम करतो, हा फरक आहेच. त्यासाठी मागणी वेगळ्या शब्दांत करावी लागेल, सोडून द्यावी लागणार नाही. ट्यूब फुटताच निरीक्षकाला कळवावे. निरीक्षकाने पाहीपर्यंत ती भंगारात जाऊ नये. पाण्याची वही व लॉगबुक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावे. आणि कारण ठरेपर्यंत वादाबाहेरची मजुरी तरी रोखता येऊ नये. मिस्त्रीने आपल्या बाजूने काम हाती घेतानाच ट्यूबची स्थिती लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. एकट्याने सही मागितली तर काम दुसऱ्याकडे जाईल. सोलापुरातील सगळ्या मिस्त्रींनी मागितली तर कारखानदाराला सही करावीच लागेल. ते एकत्र आणण्याचे काम यंत्रमाग व बिडी कामगारांत वर्षानुवर्षे वावरलेल्या कार्यकर्त्यांना अवघड नाही. पहिली सभा बॉयलरच्या वार्षिक तपासणीची कामे सुरू होण्यापूर्वी घ्यावी, आणि तिला अटेंडंटनाही बोलवावे. लॉगबुकात लिहिणारा हात त्यांचाच असतो.