लेकीचं पासबुक लेकीच्या हाती

भालकी, बसवकल्याण, आळंदकडच्या आपल्या घरांतल्या लेकी आता जर्मनीला शिकायला निघाल्यात. कौतुकच आहे. पण त्यांच्या पैशाचा सगळा व्यवहार वडील नाहीतर भाऊ बघतो. "तिला त्यातलं काय कळतंय?" म्हणे! बायांनो, कळू दिलंय कुणी?

व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचे पैसे आधीच दाखवावे लागतात. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा 11,904 युरो आहे. पैसे तिचेच, पण महिन्याला 992च हाती येतात. भाडं, विमा, फोनचं बिल थेट खात्यातून कापून घ्यायची तिकडं रीत. तशी कापलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत मागता येते, कारणही द्यावं लागत नाही. हे जिला ठाऊक, ती निवांत. जिला नाही, ती घाबरून घरी फोन लावते. आणि घरी तरी कुणाला ठाऊक असतं?

शैक्षणिक कर्जावर सही तिची, वडील सहकर्जदार. म्हणजे फेडायचं तिनं आणि समजून घ्यायचं त्यांनी?

कुणी म्हणेल, आपला धर्म अपरिग्रहाचा, मुलीला पैशाचा नाद कशाला? उलट आहे. परिग्रहपरिमाण व्रत श्राविकेलाही सांगितलंय. आपल्याजवळ किती आहे हेच ठाऊक नसेल, तर मर्यादा कशाला घालणार?

म्हणून बॅग भरायच्या सहा महिने आधी तिचं खातं तिच्या हाती द्या. कर्जाचा कागद तिनं वाचावा, व्याज तिनं मोजावं. शेजारी आईनंही बसावं. लोणच्याची बरणी देताच ना? पासबुकही द्या.