भंगाराला खोली आहे, पोरांना नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जा आणि घरांच्या मागच्या बाजूने फिरा. परसात एक शेड उभी दिसेल. लोखंडी खांब, तीन बाजूंना विटांची भिंत, वर पत्रा, दाराला कुलूप. किल्ली आबांकडे. आत काय आहे हे घरात कुणालाच नेमकं सांगता येत नाही, तरी यादी गावोगाव सारखीच निघते. बंद पडलेला कूलर, ठिबकच्या कडक झालेल्या नळ्या, खताची रिकामी पोती, एका पायाने लंगडा झालेला लोखंडी पलंग, काकांच्या बंद पडलेल्या दुकानाचा बोर्ड. आणि या सगळ्यावर 'लागेल कधीतरी' नावाची धूळ.

त्याच घरात दहावीचा मुलगा टीव्हीच्या आवाजात गणितं सोडवतो. त्याची ताई स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पलंगाखालून काढते आणि पाहुणे आले की परत पलंगाखाली सारते. घरात जागा नाही, असं सगळेच म्हणतात. शहरातही फार वेगळं नाही. जुन्या बंगल्यांच्या सोसायटीत बघा: गाडी रस्त्यावर उन्हात उभी आणि गॅरेजमध्ये खोकी.

जागा आहे. ती कुणाला मिळते, यावर मला भांडायचं आहे.

आपण पैसे कशाचे देतो?

पुण्याच्या पेठांमधून निघालेली अभ्यासिका आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. लाकडी कप्पा, खुर्ची, डोक्यावर दिवा, हाताशी प्लग, आणि महिन्याची फी. हे पैसे कशाचे? शांततेचे, उजेडाचे आणि एका प्लगचे. आई-बाप पोटाला चिमटा घेऊन पोराला शहरात ठेवतात. कॉट बेसिसची जागा, मेस, वर अभ्यासिका. मागे घरी दहा बाय पंधराची शेड पोत्यांना फुकट दिलेली.

मुलींचं गणित आणखी कठीण. अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असली, तरी तिची परवानगी संध्याकाळी सातला संपते. घरापासून दहा पावलांवर, आईच्या हाकेच्या अंतरावर, दाराला आतून कडी लावता येईल अशी खोली तिच्यासाठी कुठल्याही एसी अभ्यासिकेपेक्षा मोठी आहे. 'घरात बसून अभ्यास कर ना' म्हणणाऱ्यांनी एकदा मोजावं, की तासाभरात तिला किती वेळा चहा टाकायला उठवलं जातं.

गॅरेजमधून कंपनी उभी राहिल्याच्या रील्स आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. त्यातली एक जुनी गोष्ट पालो आल्टोमधली, १९३९ सालची, ह्यूलेट-पॅकार्डची. रीलमध्ये फक्त गॅरेज असतं. पण त्याच आवारात मागे एक छोटी शेडही होती आणि बिल ह्यूलेट तिच्यात राहत होता. तिथे दोन पोरांना मिळालेली पहिली गोष्ट म्हणजे मोकळं केलेलं गॅरेज आणि झोपायला शेड. आपल्याकडे सल्ला मोटिव्हेशनचा मिळतो, किल्ली मिळत नाही.

'तिथे भट्टी असते'

यावर घरातून येणारं पहिलं उत्तर खरं आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी, जूनपासून नगारा, डिसेंबरच्या पहाटे गारठा. पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. वीट-मातीला तापायला वेळ लागतो, तोवर दुपार कलते. पत्र्याला वाट बघणं माहीत नाही. वरचं ऊन काही मिनिटांत खालच्या डोक्यावर येतं. त्यात पंखा छताला टांगला, की तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो.

पण हे प्रश्न सुटलेले आहेत. आपण ते कांद्यासाठी सोडवले आहेत.

कांदाचाळ बघा. जमिनीपासून उचललेला तळ, खालून हवा, बाजूंना फटी, वर सावली, पाऊस आत येऊ नये म्हणून पुढे काढलेली पाखी. कांद्याला हवा लागते, नाहीतर तो सडतो, हे आपल्याला कळलं आणि सरकारने चाळीला अनुदानही दिलं. आधुनिक गोठ्यात जा. गाईसाठी उंच छत, पंखे, उन्हाळ्यात पाण्याचे फवारे. गाय तापली की दूध कमी होतं, तो तोटा बादलीत दिसतो. पोरगी तापली की काय कमी होतं, ते मोजायचं माप घरात नाही, म्हणून तो खर्च 'चैन' ठरतो.

उपाय साधे आहेत. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग द्या. उष्णता परतवणारा रंग मिळतो. तो परवडत नसेल तर चुना, फक्त तो पावसात धुपतो आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. यात खुळचट काही नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. पांढऱ्या छपराने आतला पारा दोन-चार अंशांनी उतरू शकतो, आणि मे महिन्यात दोन-चार अंश म्हणजे पुस्तक उघडं राहणं आणि मिटणं यातला फरक.

पत्र्याखाली हात जाईल एवढी फट सोडून बांबूची तट्टी बांधा. फटीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते आणि पावसाचा नगाराही थोडा दबतो. एका भिंतीत खाली खिडकी, समोरच्या भिंतीत वर झरोका. छताच्या पंख्याऐवजी उभा पंखा. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूचं पाखं लांब आणि खिडकी लहान. जमीन फूटभर उंच करून वर शहाबादी फरशी. हे एका वर्षात सगळं करा असं कुणी म्हणत नाही. पहिल्या उन्हाळ्यात रंग, दुसऱ्या वर्षी तट्टी, तिसऱ्या वर्षी फरशी.

दोन बाबतींत मात्र काटकसर नको. एक, वीज. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढलेली एक्स्टेन्शनची वायर आणि पावसात भिजलेली पत्र्याची भिंत, यातून माणसं मरतात. वायर पाइपातून न्या, तट्टीला टेकू देऊ नका, नीट अर्थिंग करा आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ते होईपर्यंत दिवा लावू नका. दोन, जुना सिमेंटचा पत्रा. त्यात बहुधा अ‍ॅसबेस्टॉस असतं. तो फोडायचा नाही, घासायचा नाही, त्याला भोकं पाडायची नाहीत.

पडवीला पंचांग होतं

पूर्वी घरालगतची कुठलीही जागा बारा महिने एकाच कामाला जुंपलेली नसे. कोकणातल्या पडवीत पावसाळ्यात झापांचे आडोसे बांधून सरपण कोरडं ठेवायचं, दिवाळीपुढे धान्याची उठाठेव, मे महिन्यात फणसाचे गरे काढायचे आणि तिथेच पाहुण्यांची अंथरुणं पडायची. देशावरच्या माळवदावर उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि रात्री झोप. जागेला ऋतू होते आणि ऋतूप्रमाणे तिचा हक्कदार बदलत असे.

त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच पडवीत बाहेर बसवलेल्या बाईचीही अंथरुणं पडत होती. आणि मराठवाड्यात पत्रा आला त्यामागे मोठं दुःख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं दगडी भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली गाडली गेली. त्यानंतर हलक्या पत्र्यावर विश्वास बसला, यात लोकांचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते पुढे. पत्रा घेतला, पण त्याखाली बारा महिने राहायचं कसं, हे कुणी शिकवलं नाही.

कारण पत्र्याखाली राहणं ही गरिबांची गोष्ट मानली गेली. बांधकामावरच्या मजुरांची वसाहत पत्र्याची. वस्तीतलं घर पत्र्याचं. कितीतरी शाळांचे वर्ग पत्र्याचे. ज्यांना पर्याय नाही ते तिथे बारा महिने राहतात, आणि ज्यांच्याकडे पर्याय आहे त्यांना ती जागा माणसाच्या लायकीची वाटत नाही. 'आमची पोरगी काय शेडमध्ये बसणार?' या प्रश्नात मुलीची काळजी थोडी आणि चार लोक काय म्हणतील ही भीती जास्त. तीच मुलगी स्वयंपाकघरात चुलीच्या धगीत तीन तास उभी राहते तेव्हा अब्रूला धक्का लागत नाही. परसातली शेड नीट करायचं तंत्र घरोघरी पोचलं, तर उद्या अंगणवाडीच्या छपराबद्दल ग्रामसभेत बोलायलाही तोंड उघडेल. स्वतः पत्र्याखाली अभ्यास केलेला माणूस 'पत्र्याची शाळा चालेल' असं सहज म्हणणार नाही.

एका संध्याकाळचं काम

'सामान ठेवायचं कुठे?' हा शेवटचा बुरूज. २०२० आठवा. लॉकडाउनमध्ये मुंबई-पुण्याहून माणसं गावी परतली, तेव्हा त्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं होतं. कुणाला शाळेत, कुणाला शेतातल्या खोलीत, कुणाला परसातल्या शेडमध्ये. पिढ्यान्‌पिढ्या 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेलं सामान एका संध्याकाळीत बाहेर निघालं, झाडलोट झाली, दिवा लागला, खाट पडली. भीतीपोटी जे एका संध्याकाळीत झालं, ते पोरांच्या अभ्यासासाठी, आईच्या शिलाई मशीनसाठी, वहिनीच्या मसाल्यांच्या धंद्यासाठी दहा वर्षांत का होत नाही?

कारण सामान मोठ्यांचं आहे. प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी फसलेला बेत आहे: बंद पडलेलं दुकान, विकलेली मोटर, न झालेली वाटणी. ते फेकणं म्हणजे ते बेत संपले हे मान्य करणं. मला आबांचं हे दुःख कळतं. पण त्याचं भाडं नातीने किती वर्षं भरायचं?

मग हे भांडण कसं भांडायचं? आबांच्या अंगावर धावून जाऊ नका. पूर्ण शेड मागू नका, अर्धी मागा. सामान एका भिंतीला, छतापर्यंत मांडणी करून. उरलेली जागा माणसांची. बारा महिन्यांचा कागद करून भिंतीला लावा. कांद्याची चाळ असेल तर रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये आत जातो आणि दिवाळीच्या आगेमागे संपतो. पुढचे चार महिने ती रिकामी, आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेरणीच्या आधी बियाणं-खतासाठी जागा द्या, तेवढे दिवस तुम्ही सरका. आईला दुपार द्या, तुम्ही पहाट आणि रात्र घ्या. शहरात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत भिंत वाढवायची, छप्पर उंच करायचं असेल तर आधी परवानगी विचारा. आतली पोती हलवायला कुणाची परवानगी लागत नाही.

खरं तर एकाच माणसाची लागते. ती आज जेवताना मागा. 'शेड साफ करू का?' असं विचारलंत तर 'बघू दिवाळीत' असं उत्तर येईल. त्यापेक्षा थेट किल्ली मागा.