यागू, जुक आणि पेज

पेज म्हटली की वसतिगृहातील मुले आजही नाक मुरडतात. पेज आजाऱ्याची, नाहीतर अठराविश्वे दारिद्र्याची, ही समजूत ती घरूनच घेऊन येतात. शिकून पुढे गेलेल्या आपल्या पिढीनेही ती पुसलेली नाही. कोरियातील एका साध्या पदार्थाकडे पाहून ती तपासावी, असे आम्हांस वाटते.

तांदळाच्या दाट पेजेला कोरियात ‘जुक’ म्हणतात. तेथील बौद्ध विहारांत सकाळी जुक घेण्याची जुनी रीत आहे. तांदूळ तास-दोन तास भिजवून निथळतात, थोडे भरडून तिळाच्या तेलावर परततात आणि सहा-सात पट पाणी घालून मंद आचेवर, लाकडी पळीने ढवळत शिजवतात. ‘आउक’ नावाच्या पाल्याचे जुक करायचे, तर पाने पाण्यात खसाखसा चोळून त्यांचा हिरवट उग्रपणा आधी काढावा लागतो. मग सोयाबीन आंबवून केलेले ‘द्वेनजांग’ कालवून त्यात घालतात. वसंतात दवण्याच्या कुळातील ‘स्सुक’ची कोवळी पाने घालतात. मीठ वाढतेवेळी, आधी घातल्यास जुक पातळ होते, असे तेथील जाणत्या सुगरणी सांगतात. विहारात कांदा-लसूण वर्ज्य असल्याने पाल्याचा स्वतःचा गंध टिकतो. घाईचे हे काम नव्हे, आणि त्याचे निम्मे मोल आमच्या मते या सावकाशीतच आहे.

पाल्याचे हे जुक भुकेच्या दिवसांतूनही आलेले आहे. शिल्लक तांदूळ संपलेला आणि जवाचे पीक हाती न आलेले, अशा वसंतातील दिवसांना कोरियन लोक ‘बोरिटकोगे’ म्हणत. म्हणजे जवाचा घाट. मूठभर धान्यात रानातला पाला मिसळून हा घाट चढावा लागे. त्या भुकेचे गोडवे कोणी गाऊ नयेत. परंतु ती सरल्यावर कोरियन समाजाने भूक मागे टाकली, पाला टाकला नाही. आज शहरांतील उपाहारगृहांत लोक पैसे मोजून तेच जुक खातात.

आपल्याला तर याहून जुना आधार आहे. विनयपिटकातील महावग्गात, अंधकविंद येथे, तथागतांनी यागूचे म्हणजे पेजेचे दहा गुण सांगितले आहेत: ती आयुष्य, वर्ण, सुख, बल व प्रतिभा देते, भूक व तहान शमवते, वात सुरळीत करते, बस्ती शुद्ध करते, न पचलेले पचवते. भिक्खूंना यागूची अनुज्ञा याच प्रसंगी मिळाली.

आपल्या आया-आज्यांनी बांधावरून ओटीत भरून आणलेली घोळ कोरियातही ‘स्वेबिरुम’ या नावाने खाल्ली जाते. तेथे ती विहाराच्या ताटात मानाने बसते. येथे शहरात स्थिरावलेला मुलगा तिचे नाव पाहुण्यांसमोर घेत नाही. ही लाज पाल्याची नाही, ती आपल्यावर लादली गेली.

म्हणून आमची सूचना अशी: भोजनगृहात आठवड्यातून एक सकाळ पालेभाजीच्या पेजेची असावी. ती मोठ्या पातेल्यात घाईने उकळलेली नको. तांदूळ परतून, ढवळून केलेली असावी. पाला ओळखणाऱ्या माता गावोगावी आहेत. त्यांना सन्मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि घोळ कोणती, तिच्यासारखे दिसणारे तण कोणते, हे मुलांनी त्यांच्याकडून शेतात उभे राहून शिकावे.