‘सेफ’ कॉलेज कुणासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगाव-धुळ्यातल्या घराघरांत कॉलेजांच्या याद्या होऊ लागतात. मुलाच्या यादीतलं ‘सेफ’ कॉलेज म्हणजे, त्याच्या मार्कांवर जिथे नंबर नक्की लागेल ते. मुलीच्या यादीत त्याच शब्दाचा अर्थ बदलतो. घरून डबा नेता येईल आणि अंधार पडायच्या आत एस.टी.नं परतता येईल, ते तिचं ‘सेफ’ कॉलेज. त्याचं वर्ष जपायचं, तिची अब्रू! मार्क सारखे, याद्या मात्र वेगळ्या.

आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण अंतर कमी म्हणजे धोका कमी, हे खरं आहे का? १९९४ साली उघडकीला आलेलं वासनाकांड परगावच्या वसतिगृहात नव्हे, जळगाव शहरातच घडलं होतं. सुरक्षितता किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, हे खान्देशाला वेगळं सांगायला नको.

आता प्रवेशाची रीत पाहा. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश केंद्रीय पद्धतीनं होतात. २०२५ पासून अकरावीचेही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. यादी वरून खाली तपासली जाते. वर अवघड कॉलेजाचं नाव लिहिलं म्हणून खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. उलट पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणजे भीतीपोटी जवळचं कॉलेज पहिलं लिहिलं, की मुलीचा निकाल तिथेच लागतो. आणि हे लिहितं कोण? बहुतेकदा सायबर कॅफेत बसलेला भाऊ किंवा काका. ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर येतो.

खरं तर मार्कांच्या हिशेबानं पक्कं असलेलं कॉलेज मुलीलाच जास्त हवं. मुलाचं वर्ष हुकलं तर त्याला ‘गॅप’ मिळतो. मुलीचं हुकलं तर स्थळ येतं. शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही माफी केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणारीलाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस तर नाही. फेरी हुकली की फीचा आकडा समोर येतो, आणि घर म्हणतं, “राहू दे, बाई.”

म्हणून मैत्रिणींनो, तीन गोष्टी करू या. यादीत सर्वांत वर तिला मनापासून हवं असलेलं कॉलेज, मग ते पुण्याचं का असेना. मधे, मिळेल न मिळेल अशी. शेवटी, मागच्या वर्षीचे कट-ऑफ पाहून नक्की मिळेल असं. पण तिथेही शाखा तिच्याच आवडीची हवी. फॉर्म भरताना ती स्वतः समोर बसलेली हवी आणि मोबाइल नंबर तिच्या किंवा आईच्या हातातला हवा. कुणी आपणहून गावातलंच कॉलेज निवडलं, तर ती निवडही तिचीच.

आणि सगळा भार एकेकट्या घरावर टाकू नये. शुल्कमाफीत वसतिगृह आणि खाणावळ येत नाही. मुलींसाठी पुरेशी सरकारी वसतिगृहं, प्रॅक्टिकल संपल्यावर मिळेल अशी एस.टी., आणि कॉलेजात कागदापुरती नसलेली तक्रार समिती, हे आपण गटागटांनी मागायला हवं.

आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी लिहून ठेवली. आज आपल्या लेकींना लिहिता येतं. निदान आपल्या कॉलेजाची यादी तरी त्यांची त्यांना लिहू द्या!